लहान गटाची वही: एका बालवाडीतल्या बदलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. शाळेचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही काढून टाकले आहेत. बालशिक्षणाच्या कामानिमित्त मी या शाळेत येत-जात होते. त्यामुळे बऱ्याचशा गोष्टी मी स्वतः पाहिलेल्या आहेत, बाकीच्या संबंधितांशी बोलून समजून घेतल्या आहेत.

शाळा खासगी संस्थेची, अनुदानित, मराठी माध्यमाची, पहिली ते चौथी. तिला जोडून बालवाडीचे दोन वर्ग: लहान गट आणि मोठा गट. प्राथमिकच्या शिक्षकांचे पगार सरकारकडून येतात. बालवाडीला अनुदान नाही. तिथल्या शिक्षिकांचं मानधन मुलांच्या फीमधून निघतं, आणि ते प्राथमिकच्या पगाराच्या जवळपासही जात नाही. बालवाडीतली मुलं पुढे याच शाळेच्या पहिलीत बसतात, म्हणजे प्राथमिकचा पट, शाळेतल्या मुलांची संख्या, बालवाडीच्या भरवशावर असतो.

हा पटाचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचं काहीच उलगडणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकसाठी ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक आणि ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक असं प्रमाण आहे. संच मान्यतेचा, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचा, हिशेब मुळात त्यावरच बेतलेला. या शाळेचा पट नव्वदच्या किंचित वर असायचा. चार-पाच मुलं कमी झाली की एक शिक्षक अतिरिक्त ठरणार, हे स्टाफरूममधल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं. गावात इंग्रजी माध्यमाच्या दोन शाळा, त्यांच्या पिवळ्या बस सकाळी याच गल्लीतून जातात.

लहान गटाच्या शिक्षिकेला मुलं ताई म्हणतात, मीही तेच म्हणेन. बालवाडी शिक्षिकेचा कोर्स केलेल्या, याच गावात सासर, शाळेत बरीच वर्षं काढलेल्या. त्यांच्या वर्गात चाळिसाच्या आसपास मुलं, वय तीन पूर्ण ते चार-साडेचार. मदतीला एक मावशी. वर्ग ‘शाळेसारखा’ दिसावा म्हणून काही वर्षांपूर्वी सतरंज्या काढून बाक टाकलेले.

दिवस ठरलेला होता. प्रार्थना, हजेरी, फळ्यावर एक अक्षर, ते वहीत, मग अंक, मग एबीसीडी, मग डबा. वेळ उरला तर गाणी. घरचा अभ्यास म्हणून तीन वह्यांत एकेक पान. वही तपासून लाल पेनाने ‘छान’ किंवा तारा.

समस्या

२०२२ च्या दिवाळी सुट्टीनंतर लहान गटातली एक मुलगी फाटकातून आत यायलाच तयार होईना. आईचा पदर धरून रडायची. सुट्टीनंतर मुलं दोन दिवस रडतातच, म्हणून आधी कुणी फार मनावर घेतलं नाही. पण दुसरा आठवडा गेला तरी तेच. ताईंनी आईला थांबवून घेतलं. बोलता बोलता आई म्हणाली, “रात्री अभ्यासाला बसवलं की मार खाल्ल्याशिवाय हलत नाही हो. मग शेवटी मीच हात धरून लिहून घेते.”

त्या मुलीची वही वर्गातल्या नीटनेटक्या वह्यांपैकी एक होती. जवळजवळ प्रत्येक पानावर तारा.

त्या दुपारी ताईंनी सगळ्या वह्या घरी नेल्या आणि पहिल्यांदाच वेगळ्या नजरेने पाहिल्या. कितीतरी पानं मोठ्यांच्या हातची होती. काही ठिकाणी आईने फिकट गिरवून दिलेलं आणि त्यावर पेन्सिल दाबून फिरवलेली. काही ठिकाणी तर अक्षराचं वळण सरळच बाईमाणसाचं. म्हणजे रोज दुपारी ज्या वह्यांवर ‘छान’ पडत होतं, त्या आयांनी लिहिलेल्या होत्या. मुलांच्या वाट्याला आला होता तो त्यामागचा रात्रीचा तास.

ताईंनी आणखी एक गोष्ट केली. मुलांना कोरे कागद देऊन काहीही काढा म्हणून सांगितलं. बरीच मुलं म्हणाली, “मला येत नाही, तुम्ही काढून द्या.” तीन-चार वर्षांच्या मुलाने चित्र काढायला असं नाकारावं, हे त्यांना वहीपेक्षा जास्त लागलं.

यात मुलांचा काही दोष नव्हता. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेचीच, म्हणजे मऊ असतात, पुढे एकेक करून हाडाची होतात, आणि शेवटचं हाड तयार व्हायला नऊ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. आकार नकलून काढण्याचाही एक क्रम आहे. साधारण तिसऱ्या वर्षी गोल जमतो, चौथ्याच्या सुमाराला अधिकचं चिन्ह, त्यानंतर चौकोन. त्रिकोणातल्या तिरप्या रेघा पाच-सहा वर्षांच्या आसपास. ‘अ’ डोळ्यांसमोर आणा: दोन गोलाया, आडवी रेघ, काना, वर शिरोरेषा. साडेतीन वर्षांच्या हाताकडून तो रोज पानभर काढून घ्यायचा तर हात कुणीतरी धरावाच लागतो.

समोरचे पर्याय

ताईंच्या मनात पहिला विचार आला तो कुणालाही न सांगता अभ्यास कमी करण्याचा. तीन पानांऐवजी एक, मग आठवड्यातून दोनदा. भांडण नाही, परवानगी नाही. पण वही रोज घरी जाते आणि आया फाटकाशी उभ्या राहून एकमेकींच्या मुलांच्या वह्या पाहतात. आठ दिवसांत गोष्ट मुख्याध्यापिकांच्या कानावर गेली असती, आणि तीही ‘ताई हल्ली शिकवत नाहीत’ या रूपात.

दुसरा पर्याय धोरण पुढे करण्याचा होता, आणि ताईंची बाजू कागदावर भक्कम होती. जुलै २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पाच वर्षांचा पायाभूत स्तर धरला आहे, आणि त्याचा अभ्यासक्रम आराखडा नुकताच, ऑक्टोबर २०२२ मध्ये आला होता. दोन्हींत भर आहे तो खेळातून शिकण्यावर. त्याच्याही कितीतरी आधी, १९९३ साली, शाळकरी मुलांवरच्या अभ्यासाच्या ओझ्याचा विचार करणाऱ्या यशपाल समितीने बालवाड्यांतल्या लेखन-वाचन-गणिताच्या औपचारिक ओझ्याला मुलांवरची हिंसा म्हटलं होतं. ताईंनी मुख्याध्यापिकांशी याबद्दल बोलून पाहिलं. त्यांचं उत्तर मला आजही महत्त्वाचं वाटतं: “धोरण बरोबरच आहे. पण जूनमध्ये पट धोरण आणून देणार आहे का?”

या उत्तराला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही. शाळेतला सगळ्यात नवा शिक्षक अतिरिक्त ठरला तर त्याचं कुटुंब उचलून दुसरीकडे जाणार, हे त्या बाईंना समोर दिसत होतं. वही ही त्यांची जाहिरात होती. पिवळ्या बसला त्यांच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं.

तिसरा पर्याय होता शाळा सोडण्याचा. ताईंनी तो माझ्याजवळ एकदाच बोलून दाखवला. त्यांना दुसरीकडे काम मिळालं असतं, कदाचित बरं मानधनही. पण तिथेही वह्याच होत्या.

चौथा पर्याय लांबचा: वही कुणाकुणाला आणि कशासाठी हवी आहे ते एकेकाला विचारायचं आणि त्या गरजेला दुसरं काही देता येतं का ते पाहायचं. ताईंनी हा निवडला.

निर्णयाची वळणं आणि केलेलं काम

*आधी कुणाशी बोलायचं?*

मला वाटतं, या प्रकरणातला सगळ्यात नेमका निर्णय इथे झाला. ताई आधी पालकांकडे गेल्या नाहीत, संस्थेकडेही नाहीत. त्या पहिलीच्या बाईंकडे गेल्या. कारण लहान गटात लिहून का घ्यायचं, तर ‘मोठ्या गटात लागतं’. मोठ्या गटात का, तर ‘पहिलीत लागतं’, असं सगळे म्हणत. मग पहिलीच्या बाईंनाच विचारलं: जूनमध्ये तुमच्याकडे मूल येतं तेव्हा त्याला काय आलेलं हवं?

बाईंनी विचार करून सांगितलं. सांगितलेलं ऐकून तसं करता यावं. स्वतःचं नाव-गाव सांगावं. घडलेली गोष्ट आधी काय, नंतर काय अशी सांगता यावी. दप्तर, डबा, चप्पल स्वतः सांभाळावी. शू लागली तर बोलावं. आणि मग त्या जे म्हणाल्या ते ताईंनी लिहूनच घेतलं: “अक्षरं येत नसली तरी चालेल, पण उलटी वळणं नकोत. खालून वर काना ओढायची सवय मोडायला माझे दिवाळीपर्यंतचे दिवस जातात. निम्मी मुलं पेन्सिल मुठीत धरतात.” एक ते शंभर त्यांच्या यादीत नव्हतंच.

ज्यांच्यासाठी म्हणून हे सगळं चाललं होतं त्यांनाच ते नको होतं. एकाच इमारतीत, एका व्हरांड्याच्या अंतरावर, इतकी वर्षं हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पहिलीच्या बाई ताईंबरोबर मुख्याध्यापिकांकडे आल्या, आणि अनुदानित पदावरच्या शिक्षिकेच्या शब्दाला वजन पडलं. मानधनावरच्या बालवाडी शिक्षिकेने तेच सांगितलं असतं तर ते पडलं नसतं. हे बोचतं, पण खरं आहे.

*किती बदलायचं?*

मुख्याध्यापिकांनी अर्धी परवानगी दिली. जानेवारी २०२३ पासून फक्त लहान गटाचं लेखन आणि घरचा अभ्यास बंद, एप्रिलपर्यंत पाहू. मोठा गट आहे तसाच राहील. ताईंनी हे मान्य केलं. मोठ्या गटातली मुलं आणखी काही महिने तीन वह्यांखालीच राहणार होती, ही त्याची किंमत. सगळं किंवा काहीच नाही असा आग्रह धरला असता तर काहीच मिळालं नसतं, असं माझं मत आहे.

*वहीच्या जागी काय?*

हाताच्या तयारीसाठी जे घेतलं ते सगळं गावातलंच होतं. भुईमुगाच्या शेंगा फोडणं, तांदूळ-डाळ निवडणं, कणकेचे गोळे करून लाटणं, ओलं फडकं पिळणं, मणी ओवणं, ओल्या मातीत बोटाने आकार काढणं, खडूने फरशीवर भल्यामोठ्या रेघा. चिंचोके मोजायला आणि रांगेने मांडायला. (चिंचोके, शेंगदाणे वाटलेले मोजून परत घ्यावेच लागतात. या वयाची मुलं ते नाकात-कानात घालतात, आणि दाणा घशात अडकू शकतो. त्यामुळे हे काम एका वेळी सहा-सात मुलांबरोबरच, मावशी शेजारी बसलेली असताना.) बाक भिंतीकडे सरकवून सतरंज्या परत आल्या. पैसे जवळजवळ लागले नाहीत. यात नवं काहीच नव्हतं: १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर, आताच्या पालघर जिल्ह्यात, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांच्या जागी काड्या, पानं, बिया, खडे वापरून हेच काम उभं केलं होतं. कोर्सच्या परीक्षेत ताईंनी यावर उत्तर लिहिलं होतं. वर्गात ते करायला इतकी वर्षं वाव मिळाला नव्हता.

मावशींचा उपयोग अनपेक्षित झाला. त्या आजवर डबे आणि शू-शी एवढंच पाहायच्या. सतरंजीवर बसल्यावर कळलं की त्यांना म्हशीच्या, जत्रेच्या, भुताच्या गोष्टी गावच्या बोलीत इतक्या रंगवून सांगता येतात की न बोलणारी मुलंही मध्येच “मग?” म्हणून विचारतात. ताईंनी त्यांचा रोजचा गोष्टीचा वेळच ठरवून टाकला.

दुसरी गोष्ट म्हणजे चित्रांची फाइल. प्रत्येक मुलाची एक, प्रत्येक चित्रावर तारीख. मूल चित्राबद्दल जे बोलेल ते ताई त्याच्याच शब्दांत खाली लिहून ठेवायच्या. “ही आमची शेळी हाय, तिला पिल्लू झालंय, मला हात लावू देत नाही.” महिन्याच्या शेवटी फाइल घरी जायची. पालकांना रोज काहीतरी दिसायला हवं असतं, ही मागणी ताईंनी गैर मानली नाही. फी देणाऱ्या माणसाने मुलाचं काय चाललंय ते विचारावं, यात वावगं काय?

*पालकसभा*

फेब्रुवारीतली पहिली सभा फसली. ताईंनी मेंदूचा विकास, हाताचे स्नायू, धोरण, सगळं तयारी करून मांडलं. वडील मंडळी मोबाइल पाहत राहिली. एका आईने उठून विचारलं, “शेजारचं पोरगं स्पेलिंग म्हणून दाखवतं. आमच्या पोराला पाहुण्यांसमोर काय म्हणायला सांगू?” ताईंकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं. त्या महिन्यात दोन मुलांचे दाखले मागितले गेले, आणि मुख्याध्यापिकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

इथे थांबायचं की नाही, हे दुसरं मोठं वळण. ताईंनी भाषण सोडून दिलं. आदल्या वर्षी ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत झालेला मेळावा त्यांनी पाहिला होता: टेबलं मांडलेली, मूल आईबरोबर एकेका टेबलावर जातं, उडी मारतं, वस्तूंचे गट करतं, चित्र पाहून बोलतं. त्याच धर्तीवर एप्रिलमध्ये त्यांनी आपल्या वर्गाचा मेळावा घेतला. मुलांनी आईबाबांना हात धरून फिरवलं. चित्रांच्या फाइलीचं एक टेबल होतं: जानेवारीतलं चित्र आणि एप्रिलमधलं चित्र शेजारी शेजारी.

शेवटचं टेबल पालकांसाठी. फळ्यावर कन्नडमधली एक ओळ लिहिलेली, आणि ती कोऱ्या कागदावर उतरवायची. सीमेजवळचा मुलूख, त्यामुळे दोघी-तिघींना कन्नड येत होतं. त्यांनी झरझर लिहिलं. बाकीचे पेन धरून अडले. गोल कुठून सुरू करायचा, रेघ आधी की वळण आधी? एक वडील म्हणाले, “निदान हे काय लिहिलंय ते तरी सांगा.” ताई म्हणाल्या, “मुलंही हेच विचारतात.” सभेत तासभर बोलून जे झालं नव्हतं ते तिथे झालं.

परिणाम

जून २०२३ मध्ये लहान गटाचं लेखन कायमचं थांबलं. मोठ्या गटात ते दिवाळीनंतर सुरू करायचं ठरलं, तेही ग, म, भ, न अशा सारख्या वळणाच्या अक्षरांपासून, वरून खाली रेघ ओढत. घरी फक्त गोष्ट सांगायची आणि ऐकायची.

पट वाढला नाही. गेलेली दोन मुलं परत आली नाहीत. नव्या वर्षी प्रवेश साधारण आधीइतकेच झाले. शाळेपुरतं एवढं पुरेसं होतं, कारण भीती पडझडीची होती. बदल झालेल्या लहान गटातली मुलं जून २०२४ मध्ये पहिलीत गेली. पहिलीच्या बाईंचं म्हणणं असं की ही मुलं जास्त बोलतात, प्रश्न विचारतात आणि वळणं मोडून काढण्याचं काम बरंच कमी झालं. गोंगाटही जास्त करतात, हेही त्यांनीच सांगितलं. ती फाटकातली मुलगी फेब्रुवारीपासून रडायची थांबली. तिच्या आईने फाइलीतलं एक चित्र दाराला लावलं आहे.

सगळं काही सुधारलं असं नाही. लहान गटातल्या काही मुलांना पालकांनी लिहायला शिकण्यासाठी संध्याकाळच्या शिकवणीला घातलं. वही शाळेतून गेली ती त्यांच्यापुरती दुसऱ्या घरात गेली. मोठ्या गटाच्या शिक्षिका नाराज राहिल्या. त्यांच्या वर्गाचा निर्णय त्यांना शेवटी कळला होता, आणि पालकांनी मागितलं की त्या दिवाळीआधीही पानं देत. त्यांना दोष देणं मला अवघड जातं. ताईंचं मानधन आहे तेवढंच आहे. फायली, मेळावे, वाक्यं लिहिणं हे सगळं शाळेनंतरच्या, बिनपगारी वेळात झालं.

काय वेगळं करता आलं असतं

मोठ्या गटाच्या शिक्षिकांना पहिल्याच बोलण्यात घ्यायला हवं होतं. ताई त्यांना ओलांडून पहिलीच्या बाईंकडे गेल्या, हे त्या विसरलेल्या नाहीत. दोन्ही गटांनी मिळून प्रश्न विचारला असता तर मुख्याध्यापिकांची अर्धी परवानगी कदाचित पूर्ण झाली असती.

नोंदी सुरुवातीपासून हव्या होत्या. जानेवारीआधी कोणतं मूल पेन्सिल कशी धरतं, गोष्ट किती सांगतं, चित्र काढायला बसतं का, याचं काहीच लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे आज ‘फरक पडला’ हे आठवणीवर आणि पहिलीच्या बाईंच्या शब्दावर अवलंबून आहे. दुसरी शाळा पुरावा मागेल तेव्हा दाखवायला चित्रांच्या फायली आहेत, बाकी काही नाही. वर्गातल्या प्रत्येक मुलामागे महिन्याला दोन ओळी, एवढी नोंद चाळीस मुलांच्या वर्गातही झेपते.

वडिलांना आणायचं तर वेळ बदलायला हवी होती. पालकसभा आणि मेळावा दोन्ही कामाच्या दिवशी सकाळी झाले. टेम्पो चालवणारा, दुकानात हमाली करणारा, कारखान्यात पाळीवर जाणारा बाप त्या वेळी येऊच शकत नाही. पुढच्या वर्षी मेळावा रविवारी घेतला तेव्हा वडील कितीतरी जास्त आले, आणि घरी शिकवणीचा आग्रह बहुतेक त्यांचाच असतो हे तेव्हा कळलं.

मार खाणाऱ्या मुलीच्या आईशी बोलणं हे खरं तर वेगळं, आधीचं काम होतं. अभ्यास बंद झाल्याने त्या घरातलं मारण्याचं एक कारण गेलं. पण रात्री थकून आलेली, एकटीच मुलाला सांभाळणारी बाई चिडते तेव्हा काय करावं, यावर शाळेने तिच्याशी आजवर काही बोलणं केलेलं नाही. ताईंनी आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर चार-पाच आयांबरोबर बसायला सुरुवात केली आहे. तिथे अभ्यासाचा विषय क्वचितच निघतो.

आणि निर्णय लेखी हवा होता. मुख्याध्यापिकांनी सगळी परवानगी तोंडी दिली. त्या लवकरच निवृत्त होत आहेत. नव्या येणाऱ्या बाईंना वह्या परत सुरू कराव्याशा वाटल्या तर अडवायला कागद नाही. शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत लहान गटाला लेखन नाही, असा ठराव इतिवृत्तात यावा म्हणून पहिलीच्या बाई आणि ताई यांनी मिळून अर्ज दिला आहे. या वेळी त्यावर मोठ्या गटाच्या शिक्षिकांचीही सही आहे.